उघडीप किती दिवसांची?

सप्टेंबर संपता संपता महाराष्ट्रात हवामानाच्या अंदाजाला जेवढे गिऱ्हाईक असते तेवढे जूनमध्येही नसते. जूनमध्ये साऱ्या राज्याचा प्रश्न एकच असतो : पाऊस कधी येणार? आश्विनाच्या तोंडावर मात्र ज्याचा त्याचा प्रश्न निराळा. लातूरकडच्या शेतकऱ्याचे सोयाबीन काढणीला आलेले असते. त्याला आता थेंबही नको. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला रब्बी ज्वारी पेरायची असते. जमिनीत ओल नसेल तर तो हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. दिंडोरीचा द्राक्षबागायतदार गोडी छाटणी आता करावी की चार दिवस थांबावे या विचारात. दापोलीत हळवे भात पिवळे होऊन लवलेले. आणि शहरात गरब्याच्या मैदानाचे भाडे भरून झालेले. या सगळ्यांना पुढच्या सात दिवसांचा अंदाज हवा असतो, आणि तो एकाच वाक्यात हवा असतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कारण या आठवड्यात 'महाराष्ट्राचा अंदाज' असा काही नसतोच. भारतीय हवामान विभागाने देशाचे ३६ हवामान उपविभाग पाडले आहेत. त्यांतले चार आपले : कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. गोवा राज्य वेगळे, पण हवामानाच्या नकाशावर ते कोकणाला जोडलेले. ढगांना पत्रादेवीचा नाका आडवा येत नाही. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या केंद्रातून निघतो, बाकी महाराष्ट्राचा मुंबईच्या कुलाब्यातून. आणि हे चार भागही पुरेसे नाहीत. मध्य महाराष्ट्र हा उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे महाबळेश्वर त्यात, आणि पाचशे मिलिमीटरसाठी आभाळाकडे बघणारा माण तालुकाही त्यातच. दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात. म्हणून पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा काढतात. 'सातारा जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट' एवढीच बातमी वाचून म्हसवडच्या माणसाने छत्री घेतली आणि ती उघडावी लागली नाही, तर चूक अंदाजाची असेलच असे नाही. घाटमाथा हा शब्द बातमीतून गळाला असण्याची शक्यता जास्त.

बातमीतून गळणारे शब्द पुष्कळ आहेत. सप्टेंबरअखेरचे नेहमीचे वाक्य घेऊ : 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता.' दरवर्षी ऐकून ऐकून आपण त्याकडे लक्ष देईनासे झालो आहोत. पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मोजमापाचा आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी चारांतली तीन गावे कोरडी राहणार. त्या तीन गावांत अंदाज चुकला असेच बोलले जाणार, आणि चौथ्या गावात बोलायला सवड नसणार, कारण तिथे सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायची धावपळ चाललेली असेल.

'हलका', 'मध्यम' हेही तसेच. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, २०४.४ पर्यंत अतिजोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. मिलिमीटर हा आकडा कानाला क्षुल्लक वाटतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. जोरदार पावसाच्या खालच्या पायरीवर, ६४.५ मिलिमीटरला, एकरभर शेतात अडीच लाख लिटरहून अधिक पाणी पडलेले असते. महसूल खात्याची अतिवृष्टीची रेघही याच्या जवळच आहे : महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त. पंचनामे आणि मदत पुढे याच आकड्यावर अडतात किंवा सुटतात.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर आकडे वाचताना फसगत होते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. मापक साडेआठला पाहतात, आणि आदल्या साडेआठपासूनचे पाणी आजच्या तारखेवर लिहितात. मंगळवारी संध्याकाळी झोडपून काढणारा पाऊस म्हणूनच बुधवारच्या नोंदीत सापडतो. परतीच्या दिवसांत पाऊस बहुधा दुपारनंतरचा असतो, त्यामुळे हा एका दिवसाचा फरक जवळजवळ रोज पडतो.

रंगांविषयी थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग फक्त पावसाच्या मापावर ठरत नाही. त्याने किती नुकसान होऊ शकते आणि तो पडण्याची खात्री किती, हेही त्यात धरलेले असते. पिवळ्या रंगावर 'राज्यात धो धो' असे मथळे देणाऱ्यांना हे माहीत नसेल असे मला वाटत नाही.

आता वर आभाळात काय चाललेले असते ते पाहू. नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरतो तो पश्चिम राजस्थानातून. पूर्वी या माघारीची सरासरी तारीख १ सप्टेंबर धरत. २०२० मध्ये नव्या नोंदींवरून ती १७ सप्टेंबर केली गेली. मुंबईची तारीखही २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे मागच्या पिढीच्या डोक्यात 'पाऊस नवरात्रात जातो' असे जे बसले आहे, त्याला आकड्यांनीच मुदतवाढ दिली आहे. माघार जाहीर करायला नियम आहेत : वायव्य भारतात पाच दिवस सलग पाऊस नसावा, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर वारे प्रत्यावर्ती, म्हणजे जास्त दाबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे असावेत, आणि हवेतली आर्द्रता ठळकपणे उतरलेली असावी. मग नकाशावर एक रेघ ओढतात आणि ती दिवसादिवसाने दक्षिणेकडे सरकवतात. २०१९ मध्ये ही रेघ ओढायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. इतकी उशिराची माघार तोवर नोंदली गेली नव्हती, आणि त्या वर्षी सोयाबीन आणि द्राक्षे यांचे काय झाले ते मराठवाड्यात आणि नाशिकमध्ये वेगळे सांगावे लागत नाही.

रेघ सरकते म्हणजे पाऊस मुकाट्याने जातो असे मात्र नाही. निघालेला पाहुणा उंबऱ्यात उभा राहून तासभर बोलत राहतो, तसे त्याचे असते. आणि त्या तासाभरात तो आधीच्या चार महिन्यांपेक्षा मोठ्याने बोलतो. जुलैतला पाऊस पश्चिमेकडून येतो. समुद्रावरून आलेले दमट वारे सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर दिवसचे दिवस झड लागते. गडगडाट फारसा नसतो. सप्टेंबरअखेर हे पश्चिमेचे वारे ढिले पडतात. आकाश मोकळे होते, सकाळी ऊन सणसणीत पडते, ओल्या जमिनीतून वाफ उठते. खालची हवा तापलेली आणि दमट, वरची थंड आणि कोरडी होत चाललेली. असे झाले की दुपारी दोन-तीनच्या सुमारास खालची हवा वर उसळते आणि ढग आडवे न पसरता उभे वाढतात, बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत. वीज, गडगडाट, सोसाट्याचा वारा आणि तासा-दीड तासात संपणारा पाऊस हे सगळे या उभ्या ढगांचे काम. आणि ढग येतात ते बहुधा पूर्वेकडून. जुलैत पश्चिमेकडे पाहून वाळण घालणारी मुंबईकर गृहिणी ऑक्टोबरमध्ये फसते ती यामुळे : समुद्राच्या बाजूला लख्ख ऊन, आणि ठाणे-कल्याणच्या बाजूने आभाळ काळे होऊन येते.

असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो. तो कुठे तयार होईल हे चार दिवस आधी सांगण्याची कुठलीही पद्धत जगात नाही. आपल्याकडे नाही आणि युरोपातही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात, कात्रज ते सहकारनगर या पट्ट्यात, पाऊस कोसळला आणि आंबिल ओढ्याने माणसे, गाड्या, भिंती ओढून नेल्या. शहर एकच, पण पावसाची तीव्रता सगळीकडे सारखी नव्हती. सात दिवसांचा अंदाज अशा वेळी एवढेच सांगू शकतो की या भागात उभे ढग वाढायला हवा पोषक आहे. नेमके कुठे, हे रडारवर ढग दिसल्यानंतरच कळते, आणि त्यासाठी खाते पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज देते. दुपारनंतर घराबाहेर काम असणाऱ्याने सकाळच्या अंदाजापेक्षा हा तीन तासांचा अंदाज पाहावा. तो सारखा बदलतो म्हणून त्याची टिंगल होते. खरे तर तो बदलतो म्हणूनच कामाचा आहे.

या स्थानिक ढगांहून वेगळी आणि जास्त घातक गोष्ट म्हणजे बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे क्षेत्र. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या पुढे गेला की त्याला अवदाब म्हणतात, ५० पासून तीव्र अवदाब, आणि ६२ पासून चक्रीवादळ. मग त्याला नाव मिळते. २०२१ चे 'गुलाब' घ्या. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. जमिनीवर आले की वादळाचे बळ ओसरते, त्यामुळे दूरचित्रवाणीच्या दृष्टीने बातमी तिथे संपली. पण ओसरतो तो वारा. बाष्प तसेच राहते. तेलंगण ओलांडून ते उरलेसुरले क्षेत्र २७ आणि २८ सप्टेंबरला मराठवाडा-विदर्भावर आले. बीड, लातूर, उस्मानाबाद भागात नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या. जो मांजरा प्रकल्प कोरडा पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचल्या, त्याचे दरवाजे उघडावे लागले. पुढे ते क्षेत्र गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा बळ धरून 'शाहीन' या नव्या नावाचे चक्रीवादळ झाले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानला जाऊन धडकले. एका समुद्रातले वादळ दुसऱ्या समुद्रात नवे नाव घेऊन निघते, आणि मधल्या वाटेवर आपले खरीप असते.

त्याच्या आदल्या वर्षीही असेच झाले होते. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ तीव्र अवदाब किनाऱ्यावर आला, त्या रात्री हैदराबाद बुडाले, आणि १४ तारखेला सोलापूर, पंढरपूर, पुणे. भीमेला पूर आला तो ऑक्टोबरच्या मध्यावर. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या, सोलापुरातल्या माणसाने मुंबईच्या पावसापेक्षा विशाखापट्टणम आणि काकीनाड्याच्या बातम्यांवर जास्त लक्ष द्यावे. उपसागरात क्षेत्र तयार झाले की ते आपल्यापर्यंत यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. अंदाजातला सर्वांत भरवशाचा भाग हाच : इतक्या मोठ्या क्षेत्राची वाट संगणकाला बऱ्यापैकी कळते.

संगणकाचे काम दोन वाक्यांत सांगता येत नाही, पण अंदाज सातव्या दिवशी का डगमगतो ते सांगायला हवे. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचे एक छोटे गणित संगणकाला दुसऱ्यांदा घातले, आणि सुरुवातीला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला. थोड्याच वेळात दोन्ही उत्तरे एकमेकांपासून इतकी लांब गेली की त्यांचा संबंधच राहिला नाही. वाऱ्याचे, तापमानाचे, आर्द्रतेचे आजचे माप अगदी अचूक घेणे शक्य नाही, त्यामुळे दिवस वाढतील तशी ती बारीक चूक फुगत जाते. यावर आजचा उपाय असा की एकच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पुन्हा पुन्हा सोडवायचे. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या पद्धतीत ते २१ वेळा सोडवले जाते. एकवीसपैकी अठरा उत्तरांत पाऊस आला तर 'शक्यता' दाट. सातांत आला तर पातळ. सुरुवातीच्या दिवसांत उत्तरे एकत्र असतात आणि सातव्या दिवसापर्यंत फाकतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मे २०२५ मध्ये याच संस्थेची भारत अंदाज प्रणाली सुरू झाली. तिच्यात नकाशाचा चौकोन १२ वरून ६ किलोमीटरवर आला. मोठी सुधारणा आहे, यात वाद नाही. पण वर सांगितलेला उभा ढग पाच-दहा किलोमीटरचाच असतो, तेव्हा सहा किलोमीटरच्या चौकोनातही तो कसाबसाच मावतो.

पुण्याचा आणि हवामानाचा संबंध जुना आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

आता नक्षत्रांचे. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रात, पुढे स्वातीत. एकेका नक्षत्राला तेरा-चौदा दिवस. हस्ताला खेडोपाडी हत्ती म्हणतात, भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढतात तो त्याचाच, आणि या दिवसांत गडगडाटी पाऊस होतो हे निरीक्षण चोख आहे. त्याचे कारण वर येऊन गेलेच. ऋतूचे सरासरी वेळापत्रक म्हणून नक्षत्रे उत्तम. त्यांचे वाहन मात्र वेगळी गोष्ट. म्हैस, बेडूक, मोर की गाढव, हे सूर्य-चंद्राच्या स्थानांवरून काढतात, त्यामुळे ते रत्नागिरीला आणि बुलढाण्याला एकच येते. रत्नागिरीला आणि बुलढाण्याला एकच पाऊस कधी पडला आहे?

तर आठवड्याचा अंदाज हातात आला की पाहायचे काय? माझे मत असे की या दिवसांत 'पाऊस किती' यापेक्षा 'उघडीप सलग किती दिवसांची' हा प्रश्न विचारावा. सोयाबीनचेच पाहा. पाने गळून शेंगा तपकिरी झाल्या की पीक तयार. त्यानंतर ते उभे ठेवले तर उन्हाने शेंगा तडकून दाणे जमिनीवर पडतात, आणि भिजत राहिले तर शेंगेतच दाण्याला मोड फुटतात. कापून पसरले आणि वरून पाऊस आला तर त्याहून वाईट : खालची बाजू काळी पडते, बुरशी धरते. कापणी, सुकवणी, मळणी एवढे उरकायला चार-पाच कोरडे दिवस लागतात. हमीभावाच्या खरेदीला दाण्यातला ओलावा सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांच्या आत मागतात, त्यामुळे नुसते मळून भागत नाही, वाळवावेही लागते. तेव्हा सात दिवसांच्या तक्त्यात दोन कोरडे, एक पावसाचा, पुन्हा दोन कोरडे असे दिसले तर चार कोरडे दिवस मिळाले असा हिशेब करू नये. मधला तो एक दिवसच पीक घालवतो. अशा वेळी जेवढे दोन दिवसांत मळून झाकता येईल तेवढेच कापावे. ज्वारी पेरणाऱ्याचा हिशेब याच्या उलट : त्याला एक पाऊस आणि नंतर वाफसा येईपर्यंत उघडीप. द्राक्षवाल्याला छाटणीनंतर फुटी कोवळ्या असताना पाऊस आणि ढगाळ हवा दोन्ही नकोत, कारण डाऊनी हा रोग त्याच हवेत येतो. एकच तक्ता, तीन वाचने. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारे कृषी हवामान सल्ले हेच पीकवार लिहून देतात, आणि गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. कापणीचा मजूर ठरवायला तो उपयोगी. कापणीचा दिवस ठरवायला नाही.

पाऊस निघून गेला असे कळल्यावर पहिले काही दिवस सुखाचे नसतात. वारा पडतो, जमीन अजून ओली, ऊन मोकळे, आणि मुंबईत तर पूर्वेकडचे जमिनीवरचे वारे समुद्राच्या वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतात. पारा पस्तिशीकडे जातो. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. सकाळी धुके आणि पहाटे गारवा जाणवू लागला की कोरडी हवा खरोखर आली असे धरावे.

शेवटी एक विनंती. परतीच्या पावसात विजेने माणसे जातात ती बहुतेक शेतात, आणि बहुधा दुपारनंतर. दामिनी हे ॲप याच पाषाणच्या संस्थेने केले आहे, फुकट आहे, मराठीत चालते. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगते. घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये ते असू द्या. कापणी सकाळी लवकर धरा. आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात या. गंजीवरची ताडपत्री राहिली तर राहू द्या.